हाच तो देवदत्त

आमच्या भागात एका गावी सत्तरी उलटलेले एक गृहस्थ आहेत. त्यांना गावात त्यांच्या नावाने कोणी हाक मारीत नाही, 'पळपुटा' म्हणतात. साठ वर्षांपूर्वी जत्रेच्या आखाड्यात जोड ठरली असता समोरचा गडी पाहून हे लंगोटावरच घरी पळाले, एवढाच काय तो अपराध. त्यानंतर या माणसाने दोन विहिरी खणल्या, तीन मुली उजविल्या, ओढ्याच्या पुरात वाहून चाललेले एक पोर स्वतः उडी घालून काढले. ते पोर आज चाळिशीला आले आहे आणि तेही यांना 'पळपुटे आजोबा' असेच म्हणते. कीर्तनाला गेलो असता यजमानांनी त्यांची ओळख आम्हांस याच नावाने करून दिली. म्हातारे हसले, आम्हीही हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र आमचे ते हसणे आम्हांलाच बरे वाटेना.

वाचक सज्जनहो, देह बदलतो हे कोणाला पटवावे लागत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला आरंभीच हा दाखला दिला की, याच देहात बाळपण जाऊन तारुण्य येते, तारुण्य जाऊन म्हातारपण येते, आणि आत राहणारा मात्र तोच असतो. आरसा हेच सांगतो, गुडघे हेच सांगतात, आणि आमच्यासारख्याचा आवाज वरच्या पट्टीत फाटू लागला की टाळकरीही न बोलता हेच सांगतात. देहाविषयी वाद नाही. वाद आहे तो मनाविषयी. मनात झालेले बदल आपण आपल्या खात्यावर बरोबर मांडतो, दुसऱ्याच्या खात्यावर मांडीत नाही. "मी पूर्वी फार तापट होतो हो, आता निवळलो," असे म्हणणारे घरोघर आहेत. पण त्याच माणसाला भावाविषयी विचारा. "तो ना? तो पहिल्यापासून तसाच!" भावाला निवळण्याची मुभा नाही. वाटणीच्या दिवशी तो जे बोलला, त्या दिवशीच त्याचे वय थांबले.

हे असे का होते? आठवणीवर आपला फार विश्वास असतो म्हणून. "मला लख्ख आठवते," असे म्हटले की बोलणे संपले. पण आमच्या शास्त्रकारांनी आठवणीला इतका मान दिलेला नाही. लहानपणी तर्कसंग्रह घोकताना आम्ही तोंडपाठ केले होते की, स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून उपजणारे ज्ञान. अनुभव येतो आणि जातो. जाताना आत एक ठसा ठेवून जातो. तो ठसा पुढे कधी जागा झाला की त्याला स्मृती म्हणायचे. नैयायिकांनी प्रमाणे चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. स्मृतीला त्या पंक्तीत पाट मांडला नाही. खरा अनुभव तो प्रमा, आणि स्मृती अनुभव नव्हे, म्हणून ती प्रमा नव्हे, असा त्यांचा निवाडा आहे. तेव्हा वयाच्या बाराव्या वर्षी हे पाठ करून आम्हांस काय कळले म्हणाल, तर काही नाही. परीक्षेत लिहिले आणि गुळाचा खडा मिळाला. त्याचा अर्थ कळायला पुढे पन्नास वर्षे लागली, ते ओघाने सांगू.

गीतेतही स्मृती दोनदा मोठ्या जागी येते. दुसऱ्या अध्यायात पतनाची पायरी सांगताना भगवंत म्हणतात की, क्रोधातून मोह होतो, मोहाने स्मृती भ्रमते आणि स्मृती भ्रमली की बुद्धी बुडते. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन हात जोडून सांगतो की, देवा, मोह गेला, स्मृती परत मिळाली. आता अर्जुनाला काय आठवले? द्रौपदीची वस्त्रे ओढली ते आठवले काय? ते तो विसरला होताच कधी! आचार्य शंकरांनी भाष्यात उलगडून ठेवले आहे की ही स्मृती आत्मतत्त्वाची. म्हणजे एका स्मृतीने माणूस बुडतो आणि एका स्मृतीने तरतो. शब्द एकच आहे, म्हणूनच घोटाळा होतो. जी बुडविते तिलाच आपण उराशी धरून बसतो आणि वर म्हणतो, 'माझी स्मरणशक्ती अजून चांगली आहे.'

वेदान्तात एक जुना दाखला आहे. 'हाच तो देवदत्त.' पूर्वी दूर देशी एक देवदत्त पाहिला होता. तरुण, पागोटे घातलेला, घोड्यावर. आज दारात एक म्हातारा उभा आहे, काठी टेकीत, दात पडलेले. आपण एकदम म्हणतो, "अरे, हाच तो देवदत्त!" आता 'तो' म्हणजे त्या काळचा, त्या देशीचा, आणि 'हा' म्हणजे या काळचा, या देशीचा. दोन्ही अक्षरशः धरले तर वाक्य जमत नाही. घोड्यावरचा काठीवरचा होईल कसा? म्हणून शास्त्र सांगते, विरोधी भाग टाका. तेथला 'तेव्हा' टाका, येथला 'आता' टाका, आणि उरलेला देवदत्त घ्या. यालाच जहदजहल्लक्षणा म्हणतात. शब्द अवघड आहे, काम घरगुती आहे. जीव आणि शिव यांचे ऐक्य सांगायला पंडितांनी ही युक्ती वापरली. पण आम्ही पंडित लोक ही युक्ती थेट ब्रह्मापर्यंत नेतो आणि शेजारच्या आळीतल्या देवदत्तापाशी विसरतो. त्याचा 'तेव्हा' काही टाकवत नाही.

संतांना टाकता आला. विसोबांची कथा पाहा. आळंदीचे विसोबा चाटी. ज्ञानोबा, निवृत्ती, सोपान, मुक्ताई ही आईबापावेगळी पोरे, गावाने संन्याशाची म्हणून टाकलेली; आणि त्यांना छळण्यात हे विसोबा पुढे. परंपरा सांगते की निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले, म्हणून मुक्ताई कुंभारवाड्यात परळ आणायला गेली, तर विसोबांनी आधीच कुंभारांना दम देऊन ठेवला होता. पोर रिकाम्या हाताने रडत घरी आली. ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापविली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. विसोबा फटीतून पाहत होते. पाहिले आणि माणूस आतून ढासळला. धावत येऊन उष्टे उचलून खाऊ लागला, तेव्हा ज्ञानदेवांच्या तोंडून 'खेचर' शब्द निघाला. खेचर म्हणजे घोडा-गाढवातले जनावर. विसोबांनी तेच नाव घेतले. चाटीपणा टाकला, खेचर झाले. जाणते लोक या शब्दाचा आकाशात संचार करणारा असाही अर्थ लावतात. तोही खरा, पण आम्हांला पहिला अर्थ अधिक गोड वाटतो, कारण त्यात माणसाने स्वतःची खूण पुसली नाही.

पुढची गोष्ट आणखी मोठी. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले, मुक्ताईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकले आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. नामदेव रुसून विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलाने त्यांना कोठे पाठविले? औंढ्या नागनाथाला, विसोबा खेचरांकडे! एका पोरीला साधे मडके मिळू न देणारा माणूस, आणि नामदेवांसारखे मडके पक्के करायचे काम त्याच्या हाती. त्या वेळी आळंदीतल्या एखाद्या शहाण्याला विचारले असते, तर तो म्हणाला असता, "विसोबा? तो चाटी? त्याला आम्ही चांगले ओळखतो." ओळखीनेच त्याचे नुकसान झाले असते. नामदेवांच्या गुरूला तो जन्मभर चाटीच म्हणत बसला असता.

तुकोबारायांच्या चरित्रातले रामेश्वर भट्ट असेच. वाघोलीचे हे विद्वान, ज्यांच्यामुळे वह्या इंद्रायणीत गेल्या, पुढे महाराजांच्या पायाशी आले. तुकोबांची जी आरती आपण आजही म्हणतो ती त्यांचीच. शेवटच्या चरणात त्यांचे नाव आहे. आणि ज्याच्यासाठी देव विटेवर उभा राहिला त्या पुंडलिकाचे पूर्वचरित्र तर सर्वांना ठाऊक आहे. आईबापांना हाल-अपेष्टेत टाकणारा तरुण तो. वारकऱ्याचा प्रत्येक जयघोष त्याच्या नावाने सुरू होतो. आम्ही चाळीस वर्षे तो जयघोष केला. जिभेने केला, असेच म्हणणे भाग आहे.

कारण आता आमची स्वतःची गोष्ट सांगावयाची आहे.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णन नको. १९७३ च्या उन्हाळ्यात या महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत होती, ताली घालीत होती. सुकडीसाठी पोरे रांगेत उभी राहत. त्या साली आम्ही एका लहानशा पाठशाळेत होतो. सकाळी अमरकोश, लघुकौमुदी, संध्याकाळी हरिपाठ आणि पावली. माधुकरी मागायला जावे तर घरेच रिकामी. कोठीत एक कणगी होती आणि तिच्या तळाशी थोडा जोंधळा. तो रोज कमी होऊ लागला. गुरुजींनी सर्वांना उभे करून विचारले. आम्ही एका सहाध्यायाकडे बोट दाखविले. त्याने मान खाली घातली. त्याच दुपारी त्याला वळकटी देऊन लावून दिले.

हा प्रसंग आम्ही पुढे कीर्तनात दृष्टांत म्हणून सांगू लागलो. विद्या शिकायला आलेला चोरी शिकला कसा, आणि एका बारा वर्षांच्या मुलाने भीड न धरता खरे सांगितले कसे. तो खरे सांगणारा मुलगा कोण हे आम्ही उघड म्हणत नसू, पण श्रोत्यांना कळेल इतके सूचित करीत असू. दृष्टांत रंगे. कीर्तनकाराचे दृष्टांत देहासारखे नसतात, ते वयाबरोबर पुष्ट होतात. पहिल्या वर्षी चोरलेले दाणे दोन ओंजळी होते. दहा वर्षांनी पायली झाले. एका मोठ्या सप्ताहात तर आम्ही त्या बिचाऱ्याच्या पाठीवर पोते दिले आणि तो वाकून चालतो कसा हे चालून दाखविले. लोक पोट धरधरून हसले.

करोनामुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे पायी वारी झाली नाही. २०२२ साली पालख्या पुन्हा चालत निघाल्या, तेव्हा जो तो दुसऱ्याला पाहून आधी मोजीत होता, हा आहे, तो गेला. नातेपुत्याच्या मुक्कामी आमच्या दिंडीच्या राहुटीत रात्री आमचे कीर्तन झाले आणि आम्ही तोच दृष्टांत सांगितला. कीर्तन संपल्यावर दुसऱ्या दिंडीतले एक विणेकरी आले. पांढऱ्या मिशा, काळे अंग, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. वारकरी रीतीप्रमाणे त्यांनी आमच्या पायांवर डोके ठेवले, आम्ही त्यांच्या. मग बाजूला बसून म्हणाले,

"माऊली, त्यो जोंधळ्याचा चोर म्या हाय."

आम्हांला काही सुचेना. ते हसत होते. म्हणाले, "पयल्यांदा ऐकलं न्हाई. पंधरा वरसामागं एका सप्त्यात बी ऐकलं व्हतं. तवा पोतं व्हतं."

आम्ही कसेबसे म्हणालो, "बुवा, चुकले. तुम्हांला उठून बोलायचे होते."

"बोलून काय करायचं? कीर्तनात इघ्न नको." थोडे थांबून ते म्हणाले, "फकस्त एक सांगतो. दाणं दोघांनी नेलं व्हतं. झरोक्यातनं आत म्या उतरलो, भाईर तुमी उभं. तुमच्या उपरन्यात बांधलं, निम्मं तुमचं, निम्मं माजं. त्ये उपरनं खिळ्याला आडकून फाटलं, म्हून तुमी रडला व्हता."

आम्ही म्हणालो, तसे काही आम्हांला आठवत नाही. आणि हे खोटे नव्हते, खरोखरच आठवत नव्हते. पण उपरणे फाटल्याचे आठवत होते! प्रतिपदेच्या अनध्यायाला घरी जाताना बाभळीच्या काट्याला लागून फाटले, अशी आमची पन्नास वर्षांची लख्ख आठवण. आईने दोऱ्याचे टाके घातले तेही आठवत होते.

ते पुढे म्हणाले, "गुरुजीनं इचारलं तवा तुमी माज्याकडं बोट केलं. भ्याला व्हता. म्या बोललो न्हाई. दोगं भाईर पडलो असतो तर काय फायदा?" पाठशाळेतून निघाल्यावर ते आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले. तेथे रात्री पालांपुढे एक म्हातारा माळकरी हरिपाठ म्हणे, त्याच्या मागे हे म्हणू लागले. तीस वर्षे झाली, गळ्यात वीणा आहे. हे सगळे त्यांनी, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात, तसे सांगितले. चोरी म्हणून त्यांना ते आठवतच नव्हते, भूक म्हणून आठवत होते.

दुसऱ्या दिवशी वाटेत सदाशिवनगरचे रिंगण झाले. अश्व धावला, माणसे टापांखालची माती कपाळाला लावायला धावली, आम्ही उभेच होतो. मन वाद घालीत होते. म्हातारपणी माणसाला भास होतात, त्यांनाच भलते आठवत असेल, असे मन म्हणे. बघा, स्मृती प्रमा नव्हे हे शास्त्र आम्हांला आठवले ते त्यांच्या स्मृतीविरुद्ध! स्वतःच्या स्मृतीला ते लावावे असे मनात येईना.

वारीहून परतल्यावर आमच्या वडील बहिणीकडे गेलो. त्यांचे वय पंचाहत्तरीकडे झुकलेले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर सहज विचारल्यासारखे विचारले की, अक्का, दुष्काळाच्या साली आपल्या घरी कसे होते? आमची समजूत अशी की घरी बेताचे पण पुरेसे होते. कीर्तनातही आम्ही वडिलांच्या समाधानी वृत्तीचे तसेच वर्णन करीत आलो. अक्का म्हणाल्या, "पुरेसे? चूल दिवसाआड पेटत होती. तू उपरण्यात जोंधळा आणलास, आईने त्याच्या कण्या करून चार दिवस पुरवल्या. कोठून आणलास विचारले तर पाठशाळेने दिला म्हणालास. आईने तेव्हा उपरणे बघितले आणि काही बोलली नाही."

आई सगळे जाणून होती. तिने टाके घातले आणि पुढे ते उपरणे वाकळीत घालून टाकले.

सज्जनहो, आम्ही खोटे बोललो असे म्हणता आले असते तर एक परीस बरे झाले असते. खोट्याला प्रायश्चित्त आहे. पण आम्ही पन्नास वर्षे अगदी प्रामाणिकपणे चुकीचे आठवीत होतो. भ्यालेले पोर मनाला सोसवले नाही, म्हणून मनाने त्या जागी एक सत्यवादी पोर उभे केले. ते उभे राहावे म्हणून समोर एक चोर लागत होता, तो आम्ही वाढू दिला नाही. तो माणूस दुष्काळातून चालत वारीला पोचला, वीणा गळ्यात घेऊन तीस वर्षे उभा राहिला. आणि आमच्या कीर्तनात तो अजून कणगीपाशी बारा वर्षांचाच, आणि पाठीवर पोते! देवदत्ताचा 'तेव्हा' आम्ही त्याच्यावर लादला होता आणि स्वतःचा 'तेव्हा' कोठे टाकला तेच ठाऊक नव्हते. विसोबांचे निरूपण आम्ही किती वेळा केले, त्याची गणती नाही.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत आम्ही तो दृष्टांत सांगितला नाही. जीभ वळत नसे. मग त्यांच्याच गावचा निरोप आला की, चैत्रात सप्ताह आहे, एक सेवा तुमची हवी. जावे की न जावे असे दोन महिने झाले. घरातून मंडळी म्हणाल्या, "बोलावणे आले आहे तर न जाऊन काय लपणार आहे?" तेव्हा २०२३ च्या चैत्रात गेलो. मारुतीच्या देवळापुढे मांडव, पुढे पोरेबाळे, मागे बाप्ये, खांबाला टेकून म्हाताऱ्या. वीणा त्यांच्याच गळ्यात होती. आम्ही विसोबांचे चरित्र घेतले आणि त्यात तो दृष्टांत सांगितला. झरोका सांगितला, उपरणे सांगितले, बोट कोणी दाखविले तेही सांगितले, आणि यावेळी ते पोर कोण हे नाव घेऊन सांगितले. दुसऱ्याचे नाव घेतले नाही. ते त्यांचे त्यांनी घ्यावयाचे. मृदंगमणी ठेका विसरून आमच्याकडे पाहत राहिले. या दृष्टांताला हसू न येण्याची ती पहिलीच वेळ.

आरतीपूर्वी, सगळे उभे राहत असताना, खांबापाशी बसलेल्या एका आजीबाईंनी मोठ्याने विचारले, "महाराज, पर दाणं किती व्हतं म्हनायचं?"

आम्ही उत्तर द्यायच्या आधी शेजारून विणेकरीबुवाच म्हणाले, "दोन वंजळी व्हतं, आजे. झरोक्यातनं जास्त निघतच नव्हतं."